साइड नाही, सीदे!

'साइड? कुठल्या साइडला?' ट्रिपचं नाव सांगितल्यावर आईचा पहिला प्रश्न. तिचा दोष नाही, स्पेलिंगच तसं आहे. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, अंताल्यापासून साधारण ७५ किलोमीटरवर, भूमध्य समुद्रात जिभेसारखं घुसलेलं हे छोटंसं गाव. उच्चार सी-दे. अर्थ डाळिंब. पण हा शब्द ना तुर्की, ना ग्रीक. तो ज्या भाषेतला आहे ती भाषा बोलणारं आज जगात कुणीही नाही. तिच्याकडे नंतर वळू, कारण माझी ट्रिप वाचली ती याच भाषेमुळे.

सप्टेंबर २०२४. मी आणि केतकी. पुण्यातल्या हॉस्टेलच्या एका खोलीपासून सुरू झालेली नऊ वर्षांची दोस्ती. तिचा कॅनडाचा पीआर आला होता, जानेवारीत ती जाणार होती. म्हणजे ही शेवटची ट्रिप. तसं तोंडाने दोघींपैकी कुणीच म्हणत नव्हतं, पण ईएमआयचं टेन्शन बाजूला ठेवून दोघींनी तिकिटं काढली ती त्यासाठीच.

प्रॉब्लेम एकच होता. केतकीला हवा होता बीच. मला हवे होते दगड. तिचं म्हणणं, 'अगं, रायगड बघितलाय ना, आता पाण्यात पडून राहू दे की.' माझं म्हणणं, मी फ्रीलान्सर. माझी सुट्टी म्हणजे पुढच्या महिन्याचं भाडं. लेख विकला तरच ट्रिप परवडणार. त्यात हॉटेल 'समुद्रापासून पाच मिनिटं' असं वाचून बुक केलेलं, प्रत्यक्षात चांगली वीस-पंचवीस मिनिटांची पायपीट! पहिल्या दिवशी दोघी उन्हात भाजून आणि एकमेकींवर वैतागून झोपलो.

पण सीदेची गंमत अशी की इथे बीच आणि दगड वेगळे काढताच येत नाहीत. पश्चिमेचा बीच लांबलचक, छत्र्या-खुर्च्यांनी भरलेला, मागे रेस्टॉरंट्सची रांग. पूर्वेचा बीच जरा शांत, आणि तिथून वाळू ओलांडून चार पावलं टाकली की रोमन काळातले खांब आणि भिंती सुरू. टॉवेल खांद्यावर टाकून, ओल्या केसांनी तुम्ही दोन हजार वर्षांपूर्वीच्या गावात शिरता. आडवायला कुणी नसतं. (तिकीट मात्र थिएटर आणि म्युझियमला लागतं. उगाच हुशारी नको.)

ते थिएटर बघाच. इ. स. दुसऱ्या शतकातलं, पंधरा-वीस हजार माणसं मावतील एवढं. एरवी अशी थिएटर्स डोंगराच्या उतारावर कोरायचे. सीदेची जमीन पडली सपाट. मग बसायच्या पायऱ्यांचा मोठा भाग दगडी कमानींवर उचलून धरला. सगळ्यात वरच्या पायरीवर बसलं की एका नजरेत गाव, आगोरा आणि निळाशार समुद्र. बॉस, इथे कॅमेरा काढायचीही आठवण होत नाही.

आगोरा म्हणजे बाजार. पर्यटकांची फोटोंसाठी झुंबड उडालेली असते. पण स्ट्रेबो नावाच्या प्राचीन भूगोलकाराने लिहून ठेवलंय, की सिलिशियाचे समुद्री चाचे पकडून आणलेली माणसं सीदेत लिलावाने विकायचे, आणि ही माणसं गुलाम नाहीत हे कबूल करूनही विकायचे. गाव श्रीमंत कशाकशावर झालं, हे कळल्यावर मला तिथे सेल्फी काढवेना. केतकी मात्र थांबली. खांबाला हात लावून बराच वेळ उभी होती.

भांडण झालं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. गावाच्या टोकाला, अगदी पाण्याच्या काठावर अपोलोचं देऊळ आहे. पाच पांढरे खांब, वर मेड्युसाच्या चेहऱ्यांची पट्टी, मागे सूर्यास्त. पोस्टकार्डवर असतं ते हेच. मी नोट्स घेत होते. हे खांब जमीनदोस्त झाले होते, १९८० च्या दशकात ते पुन्हा उभे केले जाले इनान यांनी. जन्म १९१४, तुर्कस्तानच्या पहिल्या महिला पुरातत्त्वज्ञ म्हणून ओळखल्या जातात. इथलं उत्खनन १९४७ मध्ये प्रा. आरिफ म्युफिद मानसेल यांनी सुरू केलं, तेव्हापासून त्या या गावाशी बांधलेल्या. जवळच्या पेर्गे इथे हर्क्युलिसच्या पुतळ्याचा खालचा अर्धा भाग सापडला, वरचा अर्धा निघाला थेट बोस्टनच्या म्युझियममध्ये! दोन्ही एकाच पुतळ्याचे आहेत, हे मांडणाऱ्या याच बाई. वरचा भाग परत आला २०११ मध्ये. तोवर त्यांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

मी हे सगळं उत्साहाने सांगत होते आणि केतकी एकदम म्हणाली, 'तू माझ्याबरोबर आलीयेस की लेखाबरोबर?'

मी काहीतरी उलट बोलले. काय, ते इथे लिहीत नाही. ती उठून चालायला लागली.

अर्ध्या तासाने सापडली ती ज्यूसच्या गाडीपाशी. गाडीवाले काका समोर डाळिंब दाबून रस काढत होते. 'नार,' ते म्हणाले. 'अनार?' केतकी म्हणाली. 'नार, नार!' मग सुरूच झालं. दुकान म्हणजे 'द्युक्कान'. साबण म्हणजे 'साबुन'. पडदा म्हणजे 'पेर्दे'. कागदसुद्धा जवळपास कागदच! फारसी-अरबी शब्द त्यांच्याकडेही गेले, आपल्याकडेही आले. काकांना इंग्लिश येत नव्हतं, आम्हाला तुर्की, पण तिघं दहा मिनिटं खिदळत होतो.

ग्लास घेऊन भिंतीवर बसलो तेव्हा मी तिला ती भाषेची गोष्ट सांगितली. या वेळी वही न काढता. आरियन हा अलेक्झांडरचा चरित्रकार लिहितो, की क्यूमे नावाच्या ग्रीक शहरातून लोक सीदेला वसायला आले, आणि उतरल्या उतरल्या आपली ग्रीक भाषा विसरून काहीतरी भलतंच बोलायला लागले. त्या 'भलत्या' भाषेचे मोजकेच शिलालेख उरलेत आणि तिची लिपी अजून पूर्ण उलगडलेली नाही. पुढे गाव ओस पडलं. शेकडो वर्षं वाळूने झाकलं. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रीट बेटावरून विस्थापित झालेल्या मुस्लिमांनी या अवशेषांमध्येच घरं बांधली. क्रीटच्या मुस्लिमांपैकी अनेकांची घरची भाषा कुठली होती, माहितेय? ग्रीक!

'म्हणजे आले ते विसरले, आणि भलतेच लोक ती परत घेऊन आले,' केतकी म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. 'मी पण विसरेन का गं?'

'काय, मराठी?'

'मराठी. आणि बाकीचं पण.'

मी नाही म्हणाले नाही. खरंच माहीत नव्हतं.

उरलेले दोन दिवस आम्ही वाटून घेतले. सकाळी समुद्र, तिच्या म्हणण्याप्रमाणे. उन्हं तापली की म्युझियम, माझ्या. (हे म्युझियम एका जुन्या रोमन हमामखान्यात आहे, आतला गारवा एकदम फिट.) मी पाण्यात तासभर नुसती पडून राहायला शिकले. म्युझियममध्ये ती माझ्या पुढे चालत होती.

तुम्ही जाणार असाल तर जुलै-ऑगस्ट टाळा. ऊन मारून टाकतं. सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट, पाणी तेव्हाही कोमट असतं. ऑल-इन्क्लुझिव्ह हॉटेलचा पट्टा मनगटावर बांधून चार दिवस पूलपाशी लोळू नका. जुन्या गावातच छोटं पेन्शन बघा. पहाटे सहाला देवळापाशी मांजरं आणि तुम्ही, बाकी कुणी नाही. मानवगातला जायला मिनीबस मिळतात, त्यांना 'दोल्मुश' म्हणतात. आपल्या वडापसारखंच, भरली की निघाली.

केतकी जानेवारी २०२५ मध्ये गेली. गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता तिचा मेसेज आला. समोर एक लालभडक फळ ठेवल्याचा फोटो, आणि खाली : 'डाळिंब सोलतात की फोडतात गं?'

मी लिहिलं, 'आलीस का सीदेला?'