आयर्विनची खूण आणि गाडीतला संगणक

पावसाळा जोर धरू लागला की सांगलीत जो तो एकच विचारतो, "आयर्विनला किती फूट?" १९२९ साली खुला झालेला हा पूल म्हणजे कृष्णेची मोजपट्टी. २००५च्या महापुरात पाणी ५३ फुटांपुढे गेले. यापेक्षा वर ते येणार नाही असे धरून जे बसले, त्यांचा अंदाज २०१९च्या ऑगस्टने चुकवला. तेव्हा पाणी ५७ फुटांच्याही वर चढले. आजवर पाहिलेला सर्वांत मोठा आकडा म्हणजे शेवटची हद्द नव्हे, हे या गावाने चिखल उपसून शिकलेले आहे.

मोटारीतल्या सॉफ्टवेअरची वेळ मोजणाऱ्यांपुढे हाच प्रश्न असतो. एखादे काम संपवायला प्रोग्रामला जास्तीत जास्त किती वेळ लागेल? सरासरी इथे उपयोगाची नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी १० मिलिसेकंदांत २२ सेंटिमीटर पुढे जाते. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडून पुण्याकडे उतरताना वळण लागते. समजा, तिथे पुढचा ट्रक ओळखायला कॅमेऱ्यामागच्या प्रोग्रामने दहा हजार वेळा ८ मिलिसेकंद घेतले आणि एकदाच ४०. मला काळजी त्या एका वेळेची आहे.

साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये 'प्रिया' स्कूटर तयार व्हायची, तिच्यात सॉफ्टवेअरच नव्हते. पुढे मोटारींत इंजिन, एअरबॅग, ब्रेक, काचा अशा एकेका कामाला एकेक छोटा संगणक आला. महागड्या गाड्यांत त्यांची संख्या शंभराच्या घरात पोचली. एका डब्यात एकच काम असल्याने वेळ मोजणे सोपे होते, पण वायरिंगचे वजन आणि खर्च वाढत गेला. म्हणून आता एका ताकदवान चिपवर हायपरवायझर नावाचे सॉफ्टवेअर बसवतात आणि त्याच्या देखरेखीखाली अनेक आभासी संगणक चालवतात. चालकासमोरचा डिजिटल मीटर एका आभासी संगणकात, गाणी आणि नकाशे दुसऱ्यात. ब्रेकचा संगणक बहुतेक गाड्यांत अजून वेगळाच असतो, पण ब्रेक बिघडल्याचा लाल दिवा मात्र या सामाईक चिपवर चालणाऱ्या मीटरमध्ये उमटतो.

हायपरवायझर म्हणजे आपला पाटकरी. ठरल्या वेळी एकाचे दार उघडायचे, ठरल्या वेळी बंद करून दुसऱ्याचे उघडायचे. पण पाळीचे पाणी ज्याने घेतले आहे त्याला ठाऊक असते, की दार उघडल्याबरोबर पाणी उसात पोचत नाही. आधी कोरडी चारी ते पिते. चिपमध्येही तसेच होते. प्रोसेसरच्या जवळ कॅश नावाची छोटी, चपळ साठवण असते. आपली पाळी येईपर्यंत शेजाऱ्याने तिथे स्वतःची माहिती भरलेली असते. आपली माहिती पुन्हा दूरच्या मेमरीतून आणावी लागते आणि तेवढा वेळ पाळीतून वजा होतो.

चिपमध्ये अनेक कोअर, म्हणजे एकाच वेळी चालणारे प्रोसेसर, असले की अडचण आणखी वाढते. सामाईक विहिरीवर दोन पंप एकदम सुरू झाले तर दोघांचीही धार बारीक होते. तसे दोन कोअर एकाच मेमरीकडे धावले की दोघेही रखडतात. आपल्या प्रोग्रामची एक ओळही बदललेली नसते, तरी त्याचा वेळ वाढतो.

मग अंदाज बांधायचा कसा? एक वाट म्हणजे मशीन कोड तपासून प्रत्येक फांदीची, प्रत्येक आवर्तनाची कमाल किंमत गणिताने काढायची. पण त्यासाठी चिपची आतली रचना बारकाईने माहीत हवी आणि ती सगळी उघड केलेली नसते. दुसरी वाट टेबलावरची. काम सुरू होताच चिपच्या एका पिनवर व्होल्टेज चढवायचे, संपताच उतरवायचे आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्या चौकोनी लाटेची रुंदी पाहायची. शेकडो लाटा एकसारख्या येतात, मग एखादी अचानक रुंद येते.

ती रुंद लाट म्हणजेच महापूर. १९४१ साली एमिल गुंबेल या गणितज्ञाने नद्यांच्या पुरासाठी टोकाच्या मूल्यांचे संख्याशास्त्र वापरले. यॉर्क विद्यापीठाच्या एडगर आणि बर्न्स यांनी २००१ साली तेच गणित प्रोग्रामच्या वेळेला लावले. मोजलेल्या कमाल आकड्यांवरून न पाहिलेल्या आकड्याची शक्यता त्यातून काढता येते.

तरी केवळ या गणितावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. नदीपात्र आक्रसले की जुन्या पुराच्या नोंदी अपुऱ्या पडतात. चिपवर शेजारी नवे ॲप आले की जुन्या मोजण्यांचेही तेच होते. म्हणून आधी बांध घालावा. कॅशचे वाटे पाडावेत, मेमरीचा कोटा बांधून द्यावा, महत्त्वाच्या कामाला स्वतंत्र कोअर द्यावा आणि मगच मोजायला बसावे. एका भागाचा बिघाड किंवा उशीर दुसऱ्याला बाधू नये, हा आग्रह २०११ साली आलेल्या आणि २०१८ साली सुधारलेल्या आयएसओ २६२६२ या वाहनसुरक्षेच्या मानकातही आहे.

सांगलीचे वालचंद कॉलेज १९४७ पासून इंजिनिअर घडवते आहे. कराड, इस्लामपूर, साताऱ्यातूनही दरवर्षी मुले पुण्याच्या वाहन उद्योगात जातात. त्यांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. रास्पबेरी पायसारख्या स्वस्त बोर्डावर एक प्रोग्राम दहा हजार वेळा चालवायला लावा. मग शेजारच्या कोअरवर मेमरी सतत वाचणारा दुसरा प्रोग्राम सोडा आणि पहिला पुन्हा दहा हजार वेळा मोजा. दोन्ही वेळचे कमाल आकडे मुलांना वहीत शेजारीशेजारी लिहू द्या.