वेशीपलीकडचा पत्ता

नववीच्या वर्गात वस्त्यांच्या भेदभावाचा इतिहास शिकवताना मी आधी फळ्यावर गावाची वेस काढते. मग मुलं एकेक सांगत जातात. देऊळ, चावडी, पाटलांचा वाडा, सार्वजनिक विहीर. वेशीबाहेरच्या वस्तीचं नाव घ्यायची वेळ आली की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात.

इथे एक पथ्य पाळावंच लागतं. त्या वस्तीतल्या मुलाला ‘तू सांग’ असं म्हणायचं नाही. बाकीच्यांच्या शिक्षणासाठी त्याने स्वतःची जखम उघडी करावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. प्रश्न सगळ्यांना सारखे: विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नसत? नळ आधी कुठल्या आळीत आला? डांबरी रस्ता कुठे संपतो? उत्तरं घरच्या आजी-आजोबांना विचारून आणायची. ‘जुनं कशाला उकरता, बाई?’ म्हणत एखादे पालक शाळेत येतात. त्यांनाही मी मागच्या बाकावर बसवते.

नकाशा भरला की बडोदा. १९१७ साली कोलंबियात आणि लंडनला शिकून आलेले आंबेडकर संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, पण शहरात त्यांना कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, दोन्ही स्नेह्यांनी घरात घेण्याचं टाळलं. पाच तास कामाठी बागेत बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे ऐकून मुलं हादरतात, कारण ‘शिकलं की सगळं बदलतं’ असं आम्हीच त्यांना सांगत आलेलो असतो.

खरा वाद पेटतो तो आजच्या काळावर. घटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता संपवली. तरी २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा, फक्त पारशांनाच सभासद करून घेण्याचा नियम ग्राह्य धरला. लहान समाजाने एकत्र राहावं की नाही, यावर वर्ग दुभंगतो आणि मी तो जुळवायला जात नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. त्यावर मुलं विचारतात, मग शहरात खोली बघायला गेल्यावर आधी आडनाव का विचारतात?

इतिहासाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: हा विषय १४ एप्रिलच्या भाषणावर सोडू नका. त्याला वेळापत्रकात तास द्या आणि सुरुवात आपल्याच गावाच्या नकाशापासून करा.