पाऊस उघडला आणि पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा! औषध आणण्याआधी हा तपास करा



मधमाशीपालनाचा व्हिडिओ बघून ज्यांनी पाच-दहा पेट्यांनी सुरुवात केली, त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो. "दादा, तीन-चार दिवस अवकाळी पाऊस होता. आज ऊन पडलं आणि बघतो तर पेटीसमोर मेलेल्या माश्या. आता काय करू?"

अशा वेळी नवा माणूस तीनपैकी एक गोष्ट करतो. कुठलं तरी औषध आणून पेटीत मारतो, नाहीतर फवारणी केली म्हणून शेजारच्या शेतकऱ्याशी भांडतो, नाहीतर "हा धंदा आपला नाही" म्हणून पेट्या विकायला काढतो. तिन्हींत पैसा जातो. भांडणात तर जास्तच जातो, कारण तुमच्या माश्यांचं खाणं त्याच शेजाऱ्याच्या शेतात आहे.

दुकानात संध्याकाळी गल्ल्यात पाचशे रुपये कमी आले, तर आपण लगेच कामाच्या पोरावर आळ घेत नाही. आधी बिलं, उधारी आणि सुट्टे पैसे जुळवतो. पेटीचंही तसंच आहे. आधी हिशोब, मग निर्णय.

आधी बघा, हे मरण जास्तीचं आहे का?

कामाच्या हंगामात कामकरी माशी साधारण सहा आठवडे जगते. पेटीत २०,००० कामकरी माश्या आहेत असं धरा. त्यांना ४० दिवसांनी भागा. रोजच्या ५०० माश्या झाल्या! एरवी त्या आपल्याला दिसत नाहीत, कारण बहुतेक माश्या बाहेर फुलांवर फिरतानाच मरतात.

पावसात काय होतं? माश्या आतच बसून राहतात. मरणाऱ्या आतच मरतात आणि त्यांना उचलून लांब टाकणाऱ्या माश्यांनाही बाहेर पडता येत नाही. ऊन पडल्या पडल्या चार दिवसांची साफसफाई एकदम होते. बसून राहिलेल्या माशीची झीज कमी होते, त्यामुळे आकडा रोज ५०० एवढा नसेल. पण दोन-तीनशे मेलेल्या माश्या एका सकाळी दिसल्या, तर तेवढ्यावरून घाबरू नका.

म्हणून पहिलं काम हे करा: फोटो काढा, अंदाजे मोजा, थोड्या ताज्या मेलेल्या माश्या बाजूला ठेवा आणि बाकी जागा झाडून घ्या. पेटीसमोर पांढरं कापड किंवा रिकामं पोतं अंथरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. आकडा एकदम खाली आला आणि बाकीच्या माश्या जोमाने ये-जा करत असतील, तर ती साफसफाईच होती. आकडा तसाच राहिला किंवा वाढला, तर पुढचा तपास करा. माश्या थरथरत किंवा तडफडत असतील, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

कारण १: उपासमार

पावसानंतर हे कारण सगळ्यात आधी तपासा. पावसाने फुलातला मकरंद धुऊन जातो, पराग भिजतो आणि माशीला बाहेरही पडता येत नाही. आत खाणारी तोंडं मात्र तेवढीच असतात.

पेटी मागच्या बाजूने किंचित उचलून बघा. नेहमीपेक्षा हलकी लागते का? मग ऊन असताना, वारा नसताना उघडा. मधाच्या घरात काहीच नाही, माश्या रिकाम्या घरात डोकं खुपसून मेल्यात, बाहेर पांढऱ्या अळ्या आणि कोष टाकलेत, अशी खूण दिसली तर ती भूक आहे. सातेरीच्या बाबतीत जास्तच सावध राहा. भूक लागली की ती सगळी वसाहत घेऊन पेटी सोडून निघून जाते.

उपाय सोपा आहे. पाणी उकळून गॅस बंद करा आणि तेवढ्याच वजनाची साखर विरघळवा. पूर्ण गार झाल्यावर संध्याकाळनंतर पेटीच्या आत ठेवा. वर काड्या तरंगत ठेवा, म्हणजे माश्या बुडणार नाहीत. थेंबही बाहेर सांडू देऊ नका. वास सुटला की दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. गूळ देऊ नका, त्याने माश्यांचं पोट बिघडतं. बाजारचा मध तर नकोच, त्यातून रोग येऊ शकतो. आणि धंद्याची गोष्ट: साखरपाणी दिलेल्या काळात भरलेलं घर मध म्हणून विकायचं नाही. गिऱ्हाईक एकदा तुटलं की परत येत नाही.

कारण २: थंडी आणि ओल

माश्या पिल्लांची जागा ३४-३५ अंश सेल्सिअसला उबदार ठेवतात. झाकणातून पाणी गळलं, पेटी मागे कललेली असली किंवा कमकुवत वसाहत भिजली, तर ही ऊब टिकत नाही. अचानक सर आली की बाहेर गेलेल्या माश्याही दारापर्यंत येऊन गारठून पडतात.

खूण काय? अंग ओलं, पण तडफड नाही. अशा दहा-बारा माश्या जाळीच्या झाकणाच्या डबीत घालून कोवळ्या उन्हात ठेवा. थोड्या वेळाने त्यातल्या काही हलायला लागल्या, तर त्या गारठल्या होत्या. पेटी दाराच्या बाजूला किंचित उतरती करा, झाकणावर पत्रा टाका आणि दगड ठेवा.

कारण ३: फवारणी

इथे खरी गुंतागुंत आहे. पाऊस उघडला की द्राक्ष, डाळिंब, कांदा करणारा शेतकरी त्याच दिवशी पंप काढतो. रोग-किडीच्या भीतीने त्याला थांबता येत नाही. आणि चार दिवस उपाशी बसलेल्या माश्याही त्याच दिवशी तुटून बाहेर पडतात. त्यामुळे "फवारलं आणि मेल्या" एवढ्यावर आरोप होत नाही. खुणा बघा:

- माश्या थरथरतात, गोल गोल फिरतात, उडता येत नाही म्हणून सरपटतात.
- मेलेल्या बऱ्याच माश्यांची सोंड बाहेर असते. काहींच्या पायाला परागाचे गोळे तसेच असतात.
- एकाच दिवशी अनेक पेट्यांना फटका बसतो. ज्या पेटीच्या जास्त माश्या बाहेर जातात, तिला जास्त.
- आत खाणं भरपूर असतं, म्हणजे भुकेचं कारण बसत नाही.

एकच खूण दिसली तर थांबा. तीन-चार एकत्र दिसल्या, तर संशय पक्का धरा. बाजूला ठेवलेल्या माश्या स्वच्छ डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि डबीवर तारीख लिहा. आजूबाजूला काय फवारलं, कधी फवारलं, ते लिहून काढा. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटर फिरते. मेलिफेरा तीन किलोमीटर आणि त्याच्या पुढेही जाते. म्हणजे फक्त बांधाला बांध असलेला शेजारीच जबाबदार असेल असं नाही.

कारण ४: रोग

पेटीच्या तोंडावर पिवळट-तपकिरी हगवणीचे ओघळ, चुरगळलेल्या पंखांच्या माश्या, पिशवीसारख्या फुगून मेलेल्या अळ्या, असं काही दिसलं तर ते एका पावसाचं काम नाही. रोग किंवा माइट आधीपासून आत असणार, पावसाने तो उघडा पाडला. इथे मनाने औषध मारू नका. जवळचं कृषी विज्ञान केंद्र, महाबळेश्वरचं मध संचालनालय किंवा पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, यांना आधी फोन करा. नमुना कसा पाठवायचा ते विचारा. त्या पेटीच्या फ्रेम दुसऱ्या पेटीत घालू नका.

आता शेजाऱ्याशी बोला, पण गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं

फवारणीचा संशय पक्का झाला तरी फोटो आणि तारखा घेऊन शांतपणे जा. "काका, तुमची फवारणी थांबवा असं मी म्हणत नाही. फक्त आदल्या दिवशी एक फोन करा. आणि जमलं तर सूर्य मावळल्यावर, माश्या घरी आल्यावर मारा. फुलावर असताना कीटकनाशक टाळता आलं तर बघा." डाळिंब आणि कांदा बियाण्याला माश्यांच्या परागीभवनाचा फायदा होतो, हेही सांगा. तुम्ही पेट्या भाड्याने देत असाल, तर ही फोनची अट ठरावातच लिहा.

फोन आला की पेट्या रात्री तीन किलोमीटरच्या पलीकडे हलवा. कडक उन्हात दिवसभर दार बंद ठेवू नका, माश्या आत गुदमरून मरतात.

शेवटचं काम: एक साधी वही करा. तारीख, पाऊस, पेटी नंबर, मेलेल्या माश्यांचा अंदाज, पेटीचं वजन हलकं की जड, आजूबाजूची फवारणी. दोन हंगामांनी हीच वही सांगेल की नव्या वसाहती विकत घ्यायच्या, पेट्यांची जागा बदलायची, की पावसाआधी फक्त साखर भरून ठेवायची.

चला तर, पेटी तपासा आणि वही आजच सुरू करा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!