मांजराच्या पोटातला केसांचा गोळा : घरी काय करावे, दवाखाना केव्हा गाठावा

रविवारी विहारात वंदना आटोपली की आरोग्याचे प्रश्न घेऊन माणसे आमच्याभोवती बसतात. बहुतेक प्रश्न रक्तदाबाचे, साखरेचे, गुडघ्यांचे असतात. गेल्या हिवाळ्यात मोहाडी तालुक्यातल्या एका वस्तीत एका आजीने वेगळाच प्रश्न विचारला. "सिस्टर, आमची मांजर दोन दिसापासून ओकाऱ्या काढून राहिली. शेजारीण म्हणते, पोटात केसाचा गोळा झाला. काय देऊ तिले?"

आम्ही माणसांच्या नर्स, जनावरांच्या डॉक्टर नव्हे. तरी उत्तर दिले, "गोळा असेल तर निघून जाईल. दोन दिवस वाट पाहा."

ते उत्तर चुकले. दोन दिवसांनी आजीच्या नातवाचा फोन आला. मांजर पाणीही घेत नव्हते. आम्ही गेलो, त्याचे तोंड उघडून जीभ वर केली, तर जिभेच्या मुळाशी पांढरा दोरा आवळून बसलेला. आजी घरी बिड्या वळतात. सुपातला दोऱ्याचा तुकडा खेळता खेळता मांजराने गिळला होता. दवाखान्यात पोट उघडले, तेव्हा परकराच्या नाडीवर कापड गोळा व्हावे तसे सगळे आतडे त्या दोऱ्यावर गोळा झाले होते आणि दोन ठिकाणी कापलेही गेले होते. मांजर वाचले नाही.

केसांचा गोळा होतो, हे खरे. बहुतेक वेळा तो आपोआप निघून जातो, हेही खरे. पण तोंडात न पाहताच आम्ही त्या दुखण्याला गोळ्याचे नाव देऊन टाकले. म्हणून हा लेख.

गोळा होतो कसा?

मांजर दिवसातला बराच वेळ अंग चाटण्यात घालवते. त्याची जीभ हातावर फिरली तर कानशीसारखी खरखरीत लागते. जिभेवर बारीक, टणक काटे असतात आणि त्यांची टोके घशाकडे वळलेली असतात. त्यात अडकलेला केस मांजराला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. केस पचत नाहीत. बरेचसे शौचावाटे निघून जातात, थोडे पोटात मागे राहतात, एकमेकांत गुंततात आणि एक दिवस उलटीतून बाहेर येतात.

त्याला गोळा म्हणतात, पण तो गोल नसतो. अरुंद अन्ननलिकेतून येताना तो लांबट होतो, ओल्या बिडीएवढा किंवा थोडा मोठा. रंग मांजराच्या केसांचा, सोबत पिवळसर पाणी किंवा फेस. अनेकांना ती विष्ठा वाटते. काडीने उलगडून पाहिले की केस दिसतात.

आपल्याकडच्या आखूड केसांच्या मांजराला हा त्रास कमी. अलीकडे वस्तीतही एखाद्या घरी पोरे लांब केसांचे पर्शियन मांजर आणतात, त्याला जास्त. फेब्रुवारी-मार्चपासून ऊन वाढू लागले की केस गळतात, तेव्हाही प्रमाण वाढते. पिसवा, खरूज किंवा खाज असली की मांजर सारखे चाटत राहते आणि केस जास्त पोटात जातात. अशा वेळी मूळ दुखणे कातडीचे असते. त्यावर इलाज झाला नाही तर गोळे होतच राहतात.

पहिला उपाय : फणी

महागड्या औषधाआधी दोन पैशांची फणी घ्या. लेकरांच्या डोक्यातल्या उवा काढायची बारीक दातांची फणी मांजरालाही चालते. पण मांजराची फणी वेगळी ठेवा. लेकरांची वापरू नका.

आखूड केसांच्या मांजराला आठवड्यातून दोनदा, लांब केसांच्या मांजराला रोज विंचरा. मानेपासून शेपटीकडे, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने. मांजर झोपेतून उठून आळस देत असते तेव्हा ते सहसा विरोध करत नाही. पाच मिनिटे पुरेत. फणीत जेवढे केस आले तेवढे पोटात जायचे वाचले. फणीत पिसवा दिसल्या तर ती साबणाच्या पाण्यात बुडवा, पिसवा मरतात. शेवटी ओला हात अंगावरून फिरवला की सुटे केस हाताला चिकटतात.

विंचरताना मांजराने चावले किंवा नखाने रक्त काढले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो, हा समज चुकीचा आहे. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. जखमेवर चुना, हळद, तिखट लावू नका.

पाणी आणि खाणे

मांजर मुळात पाणी कमी पिते. पोट कोरडे राहिले की केस पुढे सरकत नाहीत. म्हणून पसरट भांड्यात रोज ताजे पाणी ठेवा. खाणे ओलसर द्या. नुसत्या भातावर मांजर जगवू नका. त्याला मांस-मासळीतून मिळणारे घटक लागतात, ते मिळाले नाहीत तर डोळे आणि हृदय बिघडते. आपला जिल्हा तलावांचा. घरी मासळी आली की काटे काढून, मीठ-मसाला न घालता उकडलेला तुकडा आणि त्याचे पाणी भातात कालवून द्या. उकडलेले अंडे चालते. लाल भोपळा उकडून कुस्करा आणि त्याचा अर्धा चमचा खाण्यात मिसळा. त्यातल्या चोथ्याने शौच साफ होते आणि केस त्याबरोबर निघतात.

मांजर गवत खाते, ते स्वाभाविक आहे. धानाच्या बांधावर मात्र फवारणी झालेली असते. त्यापेक्षा फुटक्या डब्यात माती भरून मूठभर गहू पेरा. आठ-दहा दिवसांत कोवळे गवत तयार होते.

दूध औषध म्हणून पाजू नका. मोठ्या झालेल्या अनेक मांजरांना दूध पचत नाही, जुलाब लागतात.

गोळा पडला तर

मांजर एकदा ओकले, गोळा पडला आणि तासाभरात ते पूर्वीसारखे फिरू लागले, तर काही करायची गरज नाही. पाणी ठेवा, थोड्या वेळाने थोडे मऊ खाणे द्या, दोन-चार दिवस रोज विंचरा. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी असे होणे चिंतेचे नाही. दर आठवड्याला होऊ लागले तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. गोळा सरकवण्यासाठी मांजरांची वेगळी पेस्ट मिळते. ती द्यायची की नाही, किती द्यायची, हे डॉक्टर सांगतील.

हे मात्र करू नका

तेल, तूप किंवा एरंडेल बळजबरीने घशात ओतू नका. मांजर धडपडते, तेल श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. बरे करायला गेलेले माणूसच मांजराला मारते.

आपल्या घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल लेकराच्या तापावर चालते, मांजराला ते विष आहे. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते. हिरड्या निळ्या-तपकिरी होतात, तोंड सुजते, श्वास लागतो.

खरजेसाठी आरोग्य केंद्रातून मिळणारे परमेथ्रिन मलम किंवा कुत्र्याच्या पिसवांची पावडर मांजराला लावू नका. त्यातले औषध मांजराच्या शरीराला झेपत नाही, झटके येतात. कांदा-लसूण घातलेला रस्साही देऊ नका, त्याने मांजराचे रक्त कमी होते.

बिडीच्या घरांनी जास्त जपावे

आपल्या जिल्ह्यात कितीतरी माता-भगिनी बिड्या वळतात. कोणी शिलाई करते, कोणाच्या घरी कोशाच्या साड्यांचे विणकाम असते. संक्रांतीच्या दिवसांत पोरांचा मांजा पडलेला असतो. दोरा दिसला की मांजर खेळते आणि जिभेवरच्या त्याच काट्यांमुळे एकदा तोंडात गेलेला दोरा गिळतेच. काम संपले की दोऱ्याचे रीळ आणि तुकडे झाकणाच्या डब्यात ठेवा. सुप झाकून ठेवा. तंबाखूही मांजराला विषारी आहे. तिची भुकटी अंगावर बसते आणि चाटताना पोटात जाते. मांजराला सुपाजवळ झोपू देऊ नका.

तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापू नका. दुसरे टोक आत अडकलेले असते, ओढले की आतडे चिरते. तसेच डॉक्टरकडे न्या. एक्स-रेमध्ये दोरा सहसा दिसत नाही, म्हणून "आमच्या घरी बिड्या वळतात" हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आणि आपली लेकरे?

मांजराचा केस पोटात गेला की लेकराच्या पोटात गोळा होतो, या भीतीने घरातून मांजर हाकलून दिल्याचे आम्ही पाहिले आहे. एखादा केस जेवणात गेला तर तो शौचावाटे निघून जातो. वॉर्डात असताना एका शाळकरी मुलीच्या पोटातून शस्त्रक्रियेने केसांचा मोठा गोळा काढलेला आम्ही पाहिला. ते केस मांजराचे नव्हते, तिचे स्वतःचे होते. मनावरच्या ताणाने ती कित्येक महिने केस तोडून खात होती. अशा मुलीला मारू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. पोटाच्या डॉक्टरबरोबर मनाच्या डॉक्टरकडेही न्या.

जपायचे ते मांजराच्या विष्ठेपासून. ती काढल्यावर साबणाने हात धुवा. गरोदर बाईने ते काम घरातल्या दुसऱ्याकडे द्यावे, त्यातून होणारा एक संसर्ग गर्भाला अपाय करू शकतो. एवढी काळजी घेतली तर मांजर घरात राहू शकते. धानाच्या ढोलीपाशी उंदीर राहू नयेत म्हणून तेही आपले काम करतेच.

दवाखाना केव्हा गाठावा?

• मांजर पुन्हा पुन्हा ओकारी काढते, पण काहीच पडत नाही.
• २४ तासांत काही खाल्ले नाही, किंवा पाणीही ओकून टाकते.
• पोट फुगले आहे, हात लावू देत नाही, शौच होत नाही.
• कोपऱ्यात निपचित पडून राहते.
• उलटीत किंवा शौचात रक्त आहे.
• मान पुढे ताणून, जमिनीशी वाकून खोकते आणि काही पडत नाही. हा गोळा नसून दमा असू शकतो.
• घरात किंवा शेजारी उंदराचे औषध टाकले आहे.

यातले एक जरी दिसले तरी वाट पाहू नका. आधी आपल्या तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. तिथे गाई-म्हशी, शेळ्या जास्त येतात म्हणून मांजर नेताना संकोच करू नका. १९६२ हा पशुसेवेचा मोफत क्रमांक आहे. तो मुख्यतः गुरांसाठी असला, तरी जवळ डॉक्टर कुठे आहेत हे विचारता येते. शस्त्रक्रियेची वेळ आली तर नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. भंडाऱ्याहून ते अंतर साठेक किलोमीटर. मांजर टोपलीत ठेवून वरून कापड बांधा, हातात धरून गाडीवर नेऊ नका.

त्या आजीच्या घरी आता नवे पिल्लू आले आहे. सुपाजवळ झाकणाचा डबा आहे आणि खुंटीला मांजराची वेगळी फणी टांगलेली आहे. परवा त्यांचा पुन्हा फोन आला, "सिस्टर, पिल्लू ओकलं." आम्ही या वेळी वाट पाहायला सांगितले नाही. म्हटले, "आजी, आधी तोंड उघडा, जीभ वर करा, खाली पाहा." त्यांनी पाहिले. दोरा नव्हता. उलटीत केसच होते. सांजेला पिल्लू मासळी-भात खाऊन झोपले.