दोन कचेऱ्यांमधला जिल्हा

जालना जिल्ह्यात सरकारी आरोग्यसेवेचे वरिष्ठ अंमलदार दोन आहेत. जिल्हा शल्यचिकित्सक हे राज्याच्या आरोग्य खात्याचे अधिकारी असून, सारा जिल्हा ज्याला नुसते 'सिव्हिल' म्हणतो ते जिल्हा रुग्णालय आणि त्याच्या खालोखालची ग्रामीण रुग्णालये त्यांच्या हुकमतीत येतात. जिल्हा आरोग्य अधिकारी हे जिल्हा परिषदेचे खातेप्रमुख, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे व त्यांच्याही पलीकडे पसरलेल्या वाड्यावस्त्या हा त्यांचा मुलूख. खाट एकाची आणि गाव दुसऱ्याचे, अशी ही वाटणी आहे. दुखणाईत मनुष्य मात्र गावातून निघून खाटेपर्यंत जातो, आणि बरा झाला तर पुन्हा गावात परततो. पैकी खाटेच्या मालकाला लोक ओळखतात, त्याच्या दारात गर्दी असते, वर्तमानपत्रांत त्याचे नाव येते. गावच्या मालकाचा, म्हणजे कचेरीत ज्यांना 'डीएचओ साहेब' म्हणतात त्या अधिकाऱ्याचा, परिचय फारसा कोणी करून दिलेला नाही. तो येथे करून द्यावा असा माझा मानस आहे.

ही वाटणी कोणाच्या लहरीने झालेली नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये जो अहवाल दिला, त्यात रोग झाल्यावर करावयाची चिकित्सा आणि रोग होऊ नये म्हणून करावयाची तजवीज ही दोन्ही कामे एकाच प्राथमिक केंद्रात एकत्र आणावीत, असा आग्रह होता. त्या वेळी जालना निजामाच्या राज्यात होते. हैदराबादच्या फौजेची छावणी आणि स्कॉटिश मिशनऱ्यांचे कार्य यांमुळे खुद्द शहराला पाश्चात्त्य वैद्यकाची ओळख लवकर झाली होती, तरी भोकरदन किंवा परतूरकडच्या खेड्याला ती सुधारणा ऐकूनच ठाऊक असावी. १९४८ साली मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा गावाच्या आरोग्याचा कारभार गावाने निवडून दिलेल्या माणसांच्या देखरेखीखाली असावा, या उदात्त हेतूने प्राथमिक आरोग्य केंद्रे परिषदांकडे सोपवण्यात आली. रुग्णालये राज्याकडेच राहिली. भोर समितीने चिकित्सा आणि प्रतिबंध यांची जी गाठ मारू पाहिली होती ती केंद्रापुरती टिकली. केंद्राच्या वरच्या पायरीवर ती सुटली, आणि अद्याप सुटलेलीच आहे. पुढे १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून नवा जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला हीच दुहेरी रचना आली.

जिल्ह्याचे आज आठ तालुके आहेत. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगा, दक्षिणेला गोदावरी, मधून दुधना आणि पूर्णा. शहरात बियाणे आणि पोलाद यांचे कारखाने, शिवारात कापूस, सोयाबीन आणि मोसंबी. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९ लाख ५९ हजार असून, तीतील पाचांपैकी चार माणसे ग्रामीण भागात राहतात. सपाट प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र, या शासनमान्य प्रमाणाने हिशेब केला तर पन्नासाहून अधिक केंद्रे आणि तीनशेहून अधिक उपकेंद्रे हवीत. प्रत्यक्षातील संख्या या हिशेबाच्या मागेच राहिली आहे.

या विस्तारावर एका अधिकाऱ्याने हुकमत चालवायची म्हणजे नेमकी कोणावर, हे पाहू लागले की या पदाचे खरे स्वरूप ध्यानात येते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी राज्य शासनाच्या सेवेतला. त्याची बदली वरून होते. उपकेंद्रातील आरोग्य सेविका, जिला गाव 'सिस्टर' म्हणते, ती आणि आरोग्य सेवक हे जिल्हा परिषदेचे नोकर. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तिसरा वर्ग आणला, तो कंत्राटी कर्मचाऱ्यांचा. त्यांचे वेतन अभियानाच्या निधीतून निघते आणि करारनाम्याच्या नूतनीकरणाची चिंता त्यांच्या मनातून कधी जात नाही. चौथी आशाताई. ती नोकर नाहीच. तिला कामागणिक मोबदला मिळतो, आणि तरीही कोणाच्या घरी पाळणा हलणार आहे व कोणाचा खोकला पंधरा दिवस थांबलेला नाही हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. एकाला वेतनश्रेणी, दुसरीला सेवाज्येष्ठता, तिसऱ्याला करारनामा आणि चौथीला नुसता मोबदला, अशा चार प्रकारच्या माणसांकडून एकच काम एकाच दिवशी करून घ्यावयाचे असते. ज्याला केवळ हुकूम सोडण्याचीच विद्या अवगत आहे असा अधिकारी येथे फार काळ निभाव धरू शकत नाही, कारण 'कारणे दाखवा' नोटिशीला चौघेही चार परींनी उत्तर देतात. त्याच्या वरचे धनीही कमी नाहीत: मुख्य कार्यकारी अधिकारी, छत्रपती संभाजीनगर येथील आरोग्य उपसंचालक, मुंबईतील अभियानाची कचेरी, आणि सभागृह भरलेले असेल तेव्हा निवडून आलेले सदस्य. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर परिषदेचा कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा ही शेवटची बाजू मूक झाली. आरोग्य समितीच्या सभेत एखाद्या सदस्याने उठून आपल्या गटातील बंद उपकेंद्राचा जाब विचारणे अधिकाऱ्याला त्रासाचे वाटत असेल. परंतु जी बातमी त्याच्या तक्त्यात कधी येत नाही ती त्याला तेथे फुकट मिळत असे, आणि ती मिळेनाशी झाल्याने नुकसान सेवेचेच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याचे उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात टँकर सुरू होतात. २०१२-१३ च्या दुष्काळात तर जालना हा महाराष्ट्रातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. टँकरचे पाणी विहिरीत ओतले जाते, विहिरीभोवती हंडे जमतात, आणि कॉलरा किंवा काविळीला दुसरे काही लागत नाही. पाणीपुरवठा ग्रामपंचायतीचा, पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर खरेदी करायची ग्रामपंचायतीने, ती टाकायची तिच्या जलसुरक्षकाने. साथ आली तर मात्र उत्तर द्यावयाचे आरोग्य अधिकाऱ्याने. म्हणून आरोग्य सेवक गावोगाव फिरून पाण्यातील क्लोरीन तपासतो, पावडरचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो, कारण उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि २० टक्क्यांच्या खाली आला की ती पावडर नावापुरती उरते. आणि ज्या गावाचे स्रोत धोक्याचे ठरतात त्याला लाल कार्ड दिले जाते. लाल कार्ड हे शस्त्र नव्हे. त्याने सरपंचाला दंड होत नाही; ते फक्त चारचौघांत कमीपणा आणते, आणि गावाच्या अब्रूला हात घातला तर काम होते हे मराठवाड्यातील जुन्या आरोग्य सेवकांना पक्के माहीत आहे. नारूचे उच्चाटन याच रीतीने झाले. पायऱ्यांच्या विहिरींत पाय बुडवून पाणी भरण्याची पिढीजात चाल बंद करावयाची होती, त्यासाठी लस नव्हती, औषध नव्हते. विहिरी बदलून, पाणी गाळायला शिकवून, घरोघर जाऊन रुग्ण शोधून तो रोग हटवला गेला, आणि १९९६ नंतर देशात त्याचा एकही रुग्ण आढळला नाही. त्या कामावर कोणा सेनापतीचे नाव कोरलेले नाही.

दसरा सरला की या जिल्ह्याच्या नोंदवह्यांत दुसरेच संकट उभे राहते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून हजारो जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. त्या कोयत्याबरोबर तान्ही मुले जातात, चार-पाच महिन्यांच्या गर्भवती जातात. बालकाच्या लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना यायच्या, गोवराची नऊ महिने पूर्ण झाल्यावर. कार्तिकात जन्मलेल्या मुलाच्या पहिल्या तिन्ही लसींचे दिवस फडावरच्या कोपीत जातात, आणि सिस्टरच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' एवढा एकच शब्द पडतो. त्या शब्दाने नोंदवहीचा ताळेबंद जुळतो; मुलाला लस मिळत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि जाण्यापूर्वी व परतल्यावर या कुटुंबांची तपासणी व्हावी हा विचार सरकारदरबारी मान्य झाला. तो अमलात आणायचा म्हणजे ट्रॅक्टर गावाबाहेर पडण्यापूर्वी कोणती गर्भवती कोणत्या कारखान्याकडे निघाली याची यादी आशाताईने करायची, तालुका आरोग्य अधिकाऱ्याने ती जिल्ह्याला द्यायची, आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा अहिल्यानगरच्या आपल्या समपदस्थाला दूरध्वनी करून म्हणायचे की ही माझी माणसे आहेत, त्यांना सांभाळा. हा दूरध्वनी करण्याचा हुकूम कोणी दिला नाही तरी तो करणे, यालाच मी या पदाचे नेतृत्व म्हणतो.

आता सर्वांत कठीण विषयाकडे वळतो. बाळंतपणात स्त्री दगावली तर तिच्या मृत्यूचे अन्वेषण होते. प्रसूतीतील मृत्यूंमागे तीन विलंब असतात, असे या शास्त्राचे अभ्यासक मानतात: घराने निर्णय घेण्यातला, वाटेतला, आणि दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यातला. जालन्याच्या रचनेत पहिला विलंब आशाताई व सिस्टर यांच्या, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या क्षेत्रातला. दुसरा, २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचा, जी राज्याने नेमलेली कंपनी चालवते. तिसरा सिव्हिलचा, आणि जाफराबाद-भोकरदनकडची बाई परस्पर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात गेली तर तो जिल्ह्याच्या सीमेबाहेरचा. एकच स्त्री, एकच रात्र, आणि तिचा मृत्यू मात्र तीन दप्तरांत विभागला जातो. प्रत्येक दप्तर आपापला तुकडा तपासून निर्दोष ठरते. अन्वेषणाचा शासकीय दंडक स्पष्ट सांगतो की ही चौकशी दोषी शोधून शिक्षा देण्यासाठी नसून व्यवस्थेतील त्रुटी शोधण्यासाठी आहे. तथापि मासिक आढावा सभेत ज्या तालुक्याच्या रकान्यात आकडा दिसतो त्याच्या अधिकाऱ्याला सर्वांदेखत उभे केले जात असेल, तर पुढल्या महिन्यात त्या रकान्यात शून्य आलेच समजावे. असे शून्य पाहून समाधान पावणारा वरिष्ठ हा सेवेचा मोठा शत्रू होय. उलट, 'हा मृत्यू कळवलात हे बरे केलेत, आता तिच्या घरापासून सुरुवात करू,' असे म्हणणाऱ्या वरिष्ठाच्या जिल्ह्यात प्रारंभी मृत्यूंची संख्या वाढलेली दिसते, आणि त्या वाढीचे समर्थन मुंबईसमोर करण्याचे धैर्य त्याच्यापाशी असावे लागते. याच न्यायाने आणखी एक आकडा पाहावा: २०११ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ मुली होत्या, जालन्यात ८७०. तो वाढवून दाखवता येत नाही, लपवताही येत नाही, कारण तो जनगणनेने मोजला.

करोनाच्या काळात राज्याचे आरोग्यमंत्री घनसावंगीचे आमदार राजेश टोपे होते आणि जालन्याचे नाव रोज दूरचित्रवाणीवर येत असे. त्या दोन वर्षांत खाटा, प्राणवायू, यंत्रसामग्री यांची भर पडली आणि दोन्ही कचेऱ्या एका टेबलाशी बसू लागल्या. साथ ओसरल्यावर त्या पुन्हा आपापल्या इमारतींत परतल्या. या सेवेला आजार कसला असेल तर तो सातत्याच्या अभावाचा आहे. राज्यात ठिकठिकाणी ही पदे महिनोन्‌महिने अतिरिक्त कार्यभारावर चालतात, आणि प्रभारी अधिकारी कितीही सज्जन असला तरी तो दूरच्या उपकेंद्राची फिरती करीत नाही, नव्या चालीचा पायंडा पाडत नाही. तो फक्त टपाल निकाली काढतो.

२०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, याचा जिल्ह्याला रास्त आनंद आहे. परंतु महाविद्यालय आले की त्याला संलग्न रुग्णालय लागते, संलग्नतेबरोबर वैद्यकीय शिक्षण विभागाचा अंमल येतो, आणि दोन अंमलदारांच्या जोडीला तिसरे, अधिष्ठाता, उभे राहतात. प्राध्यापक येतील, विशेषज्ञ येतील, घाटीची वाट अनेकांना धरावी लागणार नाही, हे सारे खरे. मात्र या नव्या रचनेत एक साधी तरतूद लेखी करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. आज सिस्टर अडलेल्या बाईला चिठ्ठी देऊन पुढे पाठवते, त्याला 'रेफर केलं' म्हणतात, आणि त्यानंतर त्या बाईचे काय झाले ते तिला बहुधा गावकऱ्यांच्या तोंडून कळते. रुग्णालयातून घरी सोडताना बाईचे व बाळाचे काय झाले, रक्त किती दिले, पुन्हा केव्हा तपासायचे, हे लिहिलेला कागद त्याच आठवड्यात तिच्या उपकेंद्रात पोहोचला पाहिजे, आणि तो पोहोचला की नाही हे अधिष्ठाता, शल्यचिकित्सक व आरोग्य अधिकारी या तिघांनी दरमहा एकत्र बसून नावनिशीवार पाहिले पाहिजे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे पदही लागत नाही. तीन सह्यांचे एक परिपत्रक लागते.