बेतणारे हात

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राची व कर्नाटकाची वाट धरतात, आणि अनेक किशोरींची शाळा तेथेच सुटते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जिल्ह्यातील 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 44 टक्के जणींचे लग्न 18 वर्षे पुरी होण्यापूर्वीच झाले होते. अशा जिल्ह्यात एखादी पंधरा वर्षांची मुलगी स्वतःचा पोशाख स्वतः बेतून शिवू लागते, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

तयार कपडे स्वस्त असताना ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. कापड, दोरा व श्रम यांचा हिशेब मांडला तर बचत खरोखरच फारशी उरत नाही. परंतु खरा लाभ बेतण्यात आहे. छातीचा घेर चाराने भागावा, सैलीसाठी इंचभर मिळवावा, मुंढ्याची गोलाई आखावी आणि मगच कात्री चालवावी. फळ्यावर न उमगलेला अपूर्णांक येथे हाती येतो. नुसती टीप मारणारीला नगावर मजुरी मिळते. बेतणारीला स्वतःचे गिऱ्हाईक मिळते.

आपल्या योजना मात्र उशिरा पोहोचतात. 2023 च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे, पण वयाची अट 18 ची. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 2021 मध्ये मंजूर झालेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत शाळेच्या जोडीने बेतण्याचा वर्ग का नसावा? शिवणकाम हा वधूपरीक्षेतील गुण न राहता मुलीच्या मिळकतीचे साधन झाले, तर लग्नाची घाई करणाऱ्या बापालाही थांबण्यास एक कारण मिळेल.