एंजिन बसलें : दुरुस्ती कीं नवी मोटार ?

मार्च ते मे हा आंब्याचा हंगाम. पावसच्या बागाईतदाराची मोटार नेमकी याच वेळीं बंद पडली, तर रत्नागिरीस जाणाऱ्या पेट्या अडतात व माणूस घायकुतीस येऊन मिळेल त्या भावानें गाडी फुंकून टाकतो. तसें करूं नये. हंगामापुरता भाड्याचा टेंपो धरावा आणि निर्णय शांतपणें घ्यावा.

प्रथम बिघाड कोणता तें पाहावें. पाणी आटून एंजिन तापलें व केवळ हेडचें गॅस्केट जळलें असेल, तर हेडचें फेसिंग करून नवें गॅस्केट घातल्यास बहुधा काम भागतें. तेल संपून बेअरिंगें घासलीं व क्रँकला चरे पडले, तर खर्च फार वाढतो. एंजिन उघडण्याची मजुरी आधीं ठरवावी. खर्चाचा आंकडा मात्र उघडल्यानंतर, लेखी घ्यावा.

याहून महत्त्वाचा सांगाडा. खाऱ्या वाऱ्यानें आपल्या किनाऱ्यावर चासी आंतून सडते. अशा गाडींत नवें एंजिन बसविणें म्हणजे वाळवी लागलेल्या वाशांवर नवीं कौलें चढविणें होय. गाडी उचलून खालचा पत्रा ठोकून पाहावा.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढें ती ५ वर्षांसाठीं वाढवितां येते; परंतु त्यासाठीं गाडी तपासणींत उतरली पाहिजे. १४ व्या वर्षीं मोठा खर्च करणारानें हें ध्यानांत घ्यावें.

जुनें एंजिन विकत घेऊन बसविल्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें तो बदल परिवहन कार्यालयांत नोंदवावा लागतो. एंजिनाचा क्रमांक घातलेली पावती विक्रेत्याकडून मिळत नसेल, तर तें एंजिन घेऊं नये.